दुभाषी बरोबर घेऊन चला



नंदुरबार जिल्ह्याचें नांव घेतलें कीं कोणाला तेथील मिरचीचा बाजार आठवेल, कोणाला सारंगखेड्याच्या यात्रेंतील घोडे, तर कोणाला तोरणमाळचें थंड पठार. संगणकाचें स्मरण बहुधा कोणालाच व्हावयाचें नाहीं. परंतु २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यांतील टेंभली या लहानशा गांवांत दिले गेले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आधारच्या नोंदणीची रचना अशी होती कीं, दूरच्या खेड्यांत माणसाची माहिती संगणकावर नोंदवावी, तिचें कुलूपबंद पुडकें करून ठेवावें, आणि सोय होईल तेव्हां तें मुख्य केंद्राकडे धाडावें. जेथें इंटरनेटचा भरंवसा नाहीं तेथें काम चालावयाचें असेल, तर लागणारें सर्व साहित्य यंत्राबरोबरच गेलें पाहिजे, हें सूत्र तींत होतें.

आज मी त्या सूत्राच्या एका लहान रूपाविषयीं बोलणार आहें. एका माणसानें आपल्या संगणकावर एक उपयोगी आज्ञावली लिहिली. ती दुसऱ्याच्या, जुन्या किंवा नव्या, संगणकावर तशीच चालावी म्हणून कशी बांधून द्यावी, हा तो विषय. विषय यांत्रिक वाटेल खरा. पण त्याच्या शेवटीं एखाद्या मुलीचें नांव यादींत बरोबर छापलें जातें कीं नाहीं, हा प्रश्न उभा असतो.

एक उदाहरण कल्पूं या. शहाद्याच्या एका शाळेंत गणिताचे एक शिक्षक आहेत. शिष्यवृत्तीसाठीं मुलामुलींच्या याद्या दरवर्षीं करावयाच्या, आणि शाळेच्या मागील सगळ्या याद्या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटांत टंकलेल्या. या फाँटांची करामत थोडी समजून घेतली पाहिजे. संगणकाच्या पोटांत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठविलेले असत. फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. तो विशिष्ट फाँट ज्या संगणकावर नसे तेथें मुखवटा गळून पडे, आणि ‘सावित्री’ या नांवाच्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसे. युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला आणि ही अडचण मुळांतच दूर केली. परंतु जुन्या याद्या युनिकोडमध्यें आणणें हें नुसतें एका चिन्हाच्या जागीं दुसरें ठेवण्याचें काम नव्हे. जुन्या पद्धतींत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमानें, व्यंजनाच्या आधीं साठविलेली असे; युनिकोडमध्यें ती उच्चाराच्या क्रमानें, व्यंजनानंतर येते. रफाराची गत याच्या उलट. हे नियम चुकले कीं नांवाचें रूप बिघडलेंच.

आमच्या गुरुजींनीं हे सारे नियम सांभाळणारी एक आज्ञावली पायथन भाषेंत लिहिली. यादी निवडावी, एक बटन दाबावें, कीं युनिकोडमधील, अकारविल्हे लावलेली यादी पुढें येते. चार दिवसांचें काम चार मिनिटांवर आलें.

ही वार्ता डोंगरावर पोंचते. धडगांवकडील एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिकाबाई तीच आज्ञावली मागतात. गुरुजी ती पेनड्राइव्हवर घेऊन सातपुड्याचा घाट चढतात. तेथील संगणक जुना, त्यावर विंडोज ७, इंटरनेट नाहीं. फाइलीवर दोन टिचक्या मारतांच संगणक उलट विचारतो: ही फाइल कशानें उघडूं? गुरुजी म्हणतात, “बाई, माझ्याकडे तर चालते हो!” बाई म्हणतात, “खरें असेल गुरुजी. पण याद्या उद्यां खालीं पोंचवावयाच्या आहेत.”

या दोन वाक्यांत आजचा सगळा विषय आला. ‘माझ्याकडे चालते’ हें वाक्य खोटें नाहीं. तें अपुरें आहे. गुरुजींच्या संगणकावर ती आज्ञावली एकटी चालत नव्हती. तिला कितीकांचा आधार होता, आणि तो आधार इतका मुकाट्यानें मिळत होता कीं, तो आहे याचा गुरुजींनाच पत्ता नव्हता.

हे आधार कोणते तें पाहूं. पहिला आधार दुभाष्याचा. नंदुरबार जिल्ह्यांत डोंगरांतील पाड्यांवर पावरी आणि भिलीच्या बोली, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, असा भाषांचा मेळा आहे. केवळ पुस्तकी मराठी जाणणारा नवा अधिकारी पाड्यावर गेला, तर दुभाष्यावांचून त्याचा कागद कितीहि चांगला असला तरी वाचला जाणार नाहीं. पायथनसारख्या भाषेंत लिहिलेल्या आज्ञावलीची, जिला स्क्रिप्ट म्हणतात तिची, हीच स्थिती असते. संगणकाचें यंत्र केवळ आपले सांकेतिक अंक जाणतें. स्क्रिप्ट वाचून, तिचा अर्थ लावून, यंत्राकडून कामें करवून घेणारा एक स्वतंत्र दुभाषी मध्यें असावा लागतो. पायथनची पहिली आवृत्ती ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ मध्यें प्रसिद्ध केली. पायथनचा दुभाषी आज कित्येक संगणकांवर असतो, पण विंडोजच्या मूळ भरणींत तो येत नाहीं. गुरुजींनीं आपल्या संगणकावर तो कधींकाळीं बसविला आणि ते विसरून गेले. स्क्रिप्ट घाट चढून गेली. दुभाषी शहाद्यासच राहिला.

बरें, दुभाषी तरी कोणताहि चालतो काय? तेंहि नाहीं. पायथनची ३·८ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची. ऑक्टोबर २०२० मध्यें आलेली ३·९ तेथें चालत नाहीं. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीवर ३·४ च्या पुढें जातां येत नाहीं. म्हणजे गुरुजींनीं आपला नवा दुभाषी पाठीवर घेऊन घाट चढला असता, तरी या जुन्या घराच्या दारांतून त्याला आंत जातां आलें नसतें.

दुसरा आधार तयार सामानाचा. गुरुजींच्या आज्ञावलीची जी खिडकी पडद्यावर उघडते, तिच्यांतील बटनें त्यांनीं स्वतः काढलेलीं नाहींत. तीं टीके नांवाच्या संचांतून येतात. हा संच टीसीएल या दुसऱ्याच एका भाषेबरोबर वाढला; तिचा प्रारंभ जॉन औस्टरहाउट यांनीं १९८८ च्या सुमारास बर्कली येथील विद्यापीठांत केला होता. म्हणजे शहाद्याच्या यादीमागें एक कॅलिफोर्नियाचें सामानहि आहे. शिवाय दुभाषी स्वतः ज्या पायावर उभा असतो तो सी भाषेचा मूलसंच विंडोज १० मध्यें अंगभूत आहे. विंडोज ७ मध्यें तो मूळचा नाहीं, एका दुरुस्तीबरोबर मागाहून यावा लागतो. ज्या संगणकाला इंटरनेट कधीं दिसलेंच नाहीं, त्याच्यावर ती दुरुस्ती आली असेल असें कसें म्हणावें?

तिसरा आधार फाँटाचा, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीनें तो फार महत्त्वाचा. गुरुजींनीं आपल्या आज्ञावलींत ‘मंगल’ हा फाँट नांव घेऊन सांगितला आहे असें समजा. विंडोज २००० पासून विंडोज ७ पर्यंत देवनागरीसाठीं मंगल हाच नेहमींचा फाँट. विंडोज १० मध्यें मात्र तो मूळ भरणींतून निघून जोड सामानांत गेला. हिंदी, मराठी यांसारखी भाषा त्या संगणकावर जोडली म्हणजे तो येतो, एरवीं तेथें ‘निर्मला’ हा दुसरा फाँट असतो. आणि हा निर्मला विंडोज ७ वर नाहीं! एकाच कंपनीच्या दोन पिढ्या, पण एका घरांतील भांडें दुसऱ्या घरांत सांपडेल अशी खात्री नाहीं. फाँट नांवानें मागितला आणि मिळाला नाहीं, तर संगणक रागावत नाहीं. तो आपल्या मनानें दुसरा लावतो, आणि छापील यादीचे रकाने हलतात, ओळी तुटतात, नांवें कापलीं जातात.

चौथा आधार संवयीचा. मजकूर कोणत्या संकेतांत लिहिलेला आहे हें गुरुजींनीं स्पष्ट सांगितलेलें नाहीं. लिनक्सवर बहुधा यूटीएफ-८ धरला जातो, विंडोजवर पायथननें वर्षानुवर्षें त्या संगणकाचा स्थानिक संकेत धरला. एकच यादी एका ठिकाणीं वाचतां येते, दुसऱ्या ठिकाणीं तिचा कचरा होतो. तसेंच, तयार यादी आज्ञावली स्वतःच्याच पेटींत ठेवते. विंडोज एक्सपीच्या काळीं घरोघरचा वापरणारा सर्वाधिकारी असे, म्हणून हें चालून जाई. २००७ मध्यें विंडोज व्हिस्टा आल्यापासून आज्ञावल्यांच्या राखीव जागेंत साध्या वापरणाऱ्याला लिहितां येत नाहीं.

आतां उपाय. तो एका वाक्यांत असा: जें जें लागतें तें तें बरोबर बांधून न्यावें, आणि यजमानाच्या घरीं अमुक असेलच असें धरूं नये. टीसीएलच्या मंडळींनीं आज्ञावली आणि तिचें सारें सामान एकाच फाइलींत बांधण्याची स्टारकिट नांवाची पद्धत काढली. पायथनसाठीं पायइन्स्टॉलर नांवाचें साधन आहे. तें आज्ञावली तपासून ती कोणकोणतें सामान मागते याची यादी करतें, आणि तें सामान दुभाष्यासकट एका पेटींत भरतें. ही पेटी ज्याला दिली त्याला पायथन नांवाची कांहीं वस्तु आहे हेंहि माहीत असण्याचें कारण नाहीं. मात्र भरतांना डोळ्यांत तेल घालावें लागतें. जें सामान आज्ञावलींत उघडपणें मागितलेलें नसून चालतां चालतां हळूच मागितलें जातें, तें या साधनाला दिसत नाहीं. फाँट, नियमांचीं कोष्टकें, नमुन्याचे कागद हेहि त्याला स्वतः उमगत नाहींत. तीं नांवें आपण सांगावीं लागतात.

पेटी बांधण्याचे दोन प्रकार आहेत. सगळें एकाच फाइलींत कोंबतां येतें, किंवा एका फोल्डरमध्यें मोकळें ठेवतां येतें. पहिला प्रकार देखणा. परंतु ती फाइल दर वेळीं उघडतांना आपलें सामान तात्पुरत्या जागीं पुन्हां पसरते, त्यामुळें जुन्या संगणकावर वेळ खाते, आणि तिचें हें वागणें पाहून विषाणुरोधक आज्ञावल्या कधीं कधीं निरपराध फाइलीलाहि चोर समजतात. दूरच्या शाळेसाठीं मोकळा फोल्डर बरा.

पेटी कोठें बांधावी, यालाहि नियम आहे: जुन्यावर बांधावी, नव्यावर चालवावी. विंडोजसाठीं विंडोजवरच, मॅकसाठीं मॅकवरच आणि लिनक्ससाठीं लिनक्सवरच ती बांधावी लागते. एकीकडे बसून दुसरीकडची पेटी हें साधन बांधून देत नाहीं. लिनक्सवर जुन्या मूलसंचाच्या आधारें बांधलेली आज्ञावली नव्या संचावर बहुधा चालते, उलट चालत नाहीं. म्हणून सी-डॅकच्या ‘बॉस’ लिनक्सची जुनी आवृत्ती जेथें असेल तेथील काम त्याच वयाच्या प्रणालीवर करावें. विंडोजच्या बाबतींत ३२ बिटी आणि ६४ बिटी असा भेद आहे. ६४ बिटी आज्ञावली ३२ बिटी विंडोजवर चालत नाहीं, पण ३२ बिटी आज्ञावली दोन्हींकडे चालते. विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती निघालीच नाहीं, तरी तीहि ३२ बिटी आज्ञावली मुकाट्यानें चालविते. तेव्हां गुरुजींनीं पायथन ३·८ चा ३२ बिटी दुभाषी आणि त्याच काळांतील पायइन्स्टॉलर घेऊन, विंडोज ७ वर पेटी बांधली, तर धडगांवकडील जुना संगणक आणि शहाद्याचा नवा, दोहोंवर तीच पेटी चालण्याचा पुष्कळ संभव आहे.

फाँटाचें काय? मंगल हा मायक्रोसॉफ्टचा. तो उचलून आपल्या पेटींत घालून वांटण्याची मोकळीक नाहीं. परंतु राज्य मराठी विकास संस्थेनें ‘यशोमुद्रा’ हा मुक्त फाँट करून घेतला आहे, मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मुक्त’ आहे. असे फाँट त्यांच्या परवान्याच्या अटी पाळून आज्ञावलीबरोबर देतां येतात. परवान्याचा कागदहि पेटींत ठेवावा. दुसऱ्याच्या कष्टाचें नांव सांगणें हा शिष्टाचारच आहे.

इतकें सांगून थांबलों तर श्रोत्यांची फसवणूक होईल. शिदोरी बरोबर नेली कीं ती शिळी होते, हेंहि सांगितलें पाहिजे. संगणकावर बसविलेल्या पायथनला दुरुस्त्या मिळत राहतात. पेटींत बंद केलेल्या दुभाष्याला मिळत नाहींत. त्यांत पुढें एखादा दोष सांपडला, तर पेटी बांधणाऱ्यानेंच ती सोडून पुन्हां बांधली पाहिजे. पायथन ३·८ ची देखभाल २०२४ च्या ऑक्टोबरांत संपली. खुद्द कार्यप्रणालींचीहि तीच कथा: वाढीव मुदतीच्या सोयी वगळतां विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीं, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. म्हणून कित्येक जाणते म्हणतात कीं, जुन्या संगणकांसाठीं कांहीं बांधूंच नये. त्यांना निवृत्त करावें.

हें म्हणणें चुकीचें नाहीं, पण तें शहरांतून केलेलें आहे. नवा संगणक मंजूर होऊन डोंगरावर पोंचेपर्यंत याद्या थांबत नाहींत. माझें मत असें कीं, पेट्या दोन कराव्या. एक नव्या प्रणालींसाठीं, ताज्या दुभाष्यासह, आणि ती दरवर्षीं नव्यानें बांधावी. दुसरी जुन्या प्रणालींसाठीं; पण तिच्यावर स्पष्ट लिहावें कीं, ही केवळ त्या संगणकावरील फाइलींसाठीं आहे, हिला इंटरनेटवर सोडूं नये, आणि जुना संगणक बदलला कीं हिचाहि उपयोग संपला. जुन्या पेटीमुळें जुना संगणक तसाच ठेवण्याला निमित्त मिळतां कामा नये.

शेवटची आणि माझ्या मतें सर्वांत मोठी गोष्ट परीक्षेची. आपली पेटी आपल्याच संगणकावर उघडून पाहणें ही परीक्षा नव्हे. तेथें विसरलेला दुभाषी पाठीमागून हळूच उत्तर सांगत असतो. पेटी कोऱ्या संगणकावर उघडावी. तसा संगणक जवळ नसेल तर संगणकाच्या आंत दुसरा आभासी संगणक उभा करतां येतो. त्यावर जुनी प्रणाली बसवावी, इंटरनेट बंद करावें, साध्या वापरणाऱ्याच्या नांवानें प्रवेश करावा, ज्या फोल्डरचें नांव देवनागरींत आहे त्यांत पेटी ठेवावी, आणि मग बटन दाबावें. येथें जें मोडेल तें घाट चढण्यापूर्वींच मोडेल. पेटीबरोबर मराठींत एक पानाची चिठ्ठी द्यावी: ही कोणत्या प्रणालींवर चालून पाहिली, केव्हां बांधली, कोणत्या आवृत्त्या वापरल्या. आणि मूळ स्क्रिप्टहि त्याच पेटींत ठेवावी. बांधलेली पेटी आज काम देते. दहा वर्षांनीं त्या शाळेंतील एखादी विद्यार्थिनीच शिक्षिका होऊन आली, तर तिला मूळ वाचतां यावें, दुरुस्त करतां यावें.

आमचे गुरुजी पुढल्या खेपेस धडगांवला जातील तेव्हां त्यांच्या पेनड्राइव्हवर एका फाइलीऐवजीं एक भरलेला फोल्डर असेल. आकारानें तो मूळ स्क्रिप्टच्या कित्येक पट मोठा. गणिताच्या शिक्षकाला हा हिशेब प्रथम खटकेलहि. पण त्यांतील प्रत्येक वस्तु ही ‘त्यांच्याकडे असेलच’ असें गृहीत धरण्याऐवजीं उचललेली आहे. बाई दोन टिचक्या मारतील, खिडकी उघडेल, यादी निघेल. बाई सर्वांआधीं ‘सावित्री’ हें नांव शोधतील, वेलांटी आपल्या जागीं आहे ना तें पाहतील, आणि कागद सहीसाठीं पुढें ओढतील.